डब्लिन बंदरातली पायपेटी

मला नोकरी लागावी म्हणून एका अख्ख्या देशाने मतदान केलं. असं मी चारचौघांत सांगायला लागले की माझा नवरा आधी डोळे मिटतो आणि मग म्हणतो, "झालं हिचं सुरू." पण खरं ते खरं. ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा त्या लोकांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यातून डब्लिनच्या ओंगार उपनगरातल्या भाड्याच्या घरात चकलीची भाजणी भाजत बसलेल्या एका बाईचं भलं होणार आहे, हे मात्र तिकडच्या कुठल्याही पुढाऱ्याने भाषणात सांगितलं नव्हतं.

मी मूळची उरणची. न्हावा-शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी लग्नाआधीपासून कामाला. हे काम काय असतं ते माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून इथे नीट सांगते. बोटीतून माल उतरला की तो उठून घरी जात नाही. हे काय आहे, कुठे बनलं, कितीचं आहे, ते आधी सरकारला सांगावं लागतं. व्यापाऱ्याला ते धड सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आम्ही सांगतो. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो. नारळाचा वेगळा, सुक्या खोबऱ्याचा वेगळा, काथ्याच्या पायपुसण्याचा आणखी वेगळा. नंबर चुकला की कस्टम्सचा साहेब बोलावतो, आणि साहेबाने बोलावलं की त्या दिवसाची वाट लागली.

नवऱ्याला इथे डब्लिनमध्ये, ब्लँचर्डस्टाउनच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि मागोमाग मी आले. पहिल्याच महिन्यात त्याने मोठ्या हौसेने मला डब्लिनचं बंदर दाखवायला नेलं. समोर ब्रिटनमधल्या होलीहेडहून आलेली फेरी लागलेली. तिच्या पोटातून एकामागून एक ट्रक बाहेर पडत होते आणि सरळ हायवेला लागत होते. ना खिडकी, ना शिक्का, ना साहेब. ब्रिटन आणि आयर्लंड दोघंही एकाच युनियनमध्ये, मग विचारणार कोण? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला वाटलं, बायकोला माहेर आठवलं. अरे बाबा, मला माहेर नव्हतं आठवलं, माझा धंदाच या देशात शिल्लक नव्हता.

मग मी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले. चकल्या बऱ्या व्हायच्या, करंज्यांच्या बाबतीत न बोललेलं बरं. पार्टीत कोणी विचारलं, तुम्ही आधी काय करायचात, तर कस्टम्स म्हटल्यावर लोक हसून दुसरीकडे वळायचे. अशी वर्षं गेली. मग ते मतदान झालं. नंतरही बराच काळ तिकडे नुसताच काथ्याकूट चालला होता, आणि एक दिवस इकडे पेपरात जाहिराती यायला लागल्या: कस्टम्सचं काम येणारी माणसं हवीत, अनुभव नसला तरी चालेल, शिकवू.

इंटरव्ह्यूला डेक्लन नावाचा मॅनेजर होता, तो आजही माझा बॉस आहे. केस विस्कटलेले, टेबलावर चहाचे रिकामे मग. आयर्लंडमध्ये कस्टम्सचं काम केलेली जुनी माणसं केव्हाच रिटायर झाली होती. त्याने थकल्या आवाजात विचारलं, "डिक्लेरेशन म्हणजे काय, याची साधारण कल्पना आहे का?" मी म्हटलं, बाविसाव्या वर्षापासून तेच करतेय. तो उठला, दरवाजा लावून घेतला आणि दाराला पाठ लावून उभाच राहिला. मी पळून जाईन अशी भीती वाटली असावी. घरी येऊन मी भाजणीचा डबा प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पार वरच्या फळीवर ठेवून दिला. कपाटाला इकडे प्रेस म्हणतात आणि एव्हाना माझ्याही तोंडात तेच बसलंय.

आता इथे काम कसं चालतं? ट्रक फेरीवर चढायच्या आत आमचे कागद कॉम्प्युटरवर गेलेले असायला हवेत. जहाज डब्लिनच्या जवळ आलं की ड्रायव्हर फोनवर बघतो. हिरवं आलं तर सरळ घरी. लाल आलं तर बंदरातल्या शेडमध्ये जायचं, तिथे मागचं दार उघडून तपासणी. सुरुवातीला सगळ्यांचा नुसता गोंधळ. माणसं आयुष्यभर ट्रकमध्ये बसून येत-जात होती, त्यांना अचानक कळलं की आपण परदेशातून येतोय. बऱ्याच कंपन्यांनी ब्रिटनचा रस्ताच सोडला आणि दक्षिणेकडच्या रिंगास्किडी बंदरातून थेट फ्रान्सच्या बोटी धरल्या. ज्यांना सोडता येत नव्हता ते सगळे माझ्या फोनवर.

आपली माणसंही मागे नव्हती. ओंगारमधल्या एका गृहस्थांनी इंग्लंडमधल्या दुकानातून घरघंटी मागवली. तिला ड्यूटी लागली. मी देवळात आरतीला उभी, तर हे माझ्या कानाशी येऊन सुरू. इंग्लंडशी तर करार झालाय म्हणतात, मग मला का लागली? मी टाळ्या वाजवत वाजवतच त्यांना समजावलं की करार इंग्लंडात बनलेल्या मालासाठी आहे. तुमची घरघंटी राजकोटची, ती इंग्लंडला पाहुणी म्हणून गेली होती. आमच्या धंद्यात वस्तू कुठून आली याला फारशी किंमत नाही, ती मूळची कुठली हे आधी विचारतात. गृहस्थ म्हणाले, म्हणजे आपल्या लग्नाच्या स्थळांसारखंच. मी म्हटलं, अगदी तसंच, आता आरती म्हणा.

सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही. उत्तरेकडच्या डोनेगलचा एक म्हातारा शेतकरी होता. त्याच्या आजोबांच्या काळापासून स्कॉटलंडच्या एकाच घराण्याकडून त्याच्याकडे बटाट्याचं बियाणं यायचं. ते यायचं बंद झालं, कारण युनियनबाहेरून बियाण्याचे बटाटे आणायला परवानगी नाही. हे त्याला फोनवर सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याने शांतपणे ऐकलं, माझं, माझ्या घरच्यांचं बरं आहे ना ते विचारलं आणि आभार मानून फोन ठेवला. त्या दिवशी मला माझ्या पगाराची जरा लाजच वाटली.

पण मला सांगायचंय ते नानांचं. ती केस आठवली की अजून मी बसमध्ये एकटीच हसते आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसतो.

आमच्या मागच्याच रस्त्यावर मेधा राहते, नागपूरकर नवरा, स्वतः सॉफ्टवेअरमध्ये. तिचे वडील नाना तारळेकर सांगलीचे, एके काळी संगीत नाटकांना ऑर्गनवर साथ करायचे. ऑर्गन म्हणजे पायपेटी: खाली दोन पायटे, ते पायांनी मारत राहायचं आणि हातांनी वाजवायचं. पुढे बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन मुलाकडे इंग्लंडात लेस्टरला गेले, तर पेटीही बोटीने गेली. काकू तिथेच वारल्या. मग मुलाची कॅनडाला बदली झाली, लेस्टरचं घर सोडायचं ठरलं, आणि मेधा म्हणाली, नाना आता माझ्याकडे या.

गंमत बघा. नानांचा पासपोर्ट ब्रिटिश, म्हणजे त्यांना आयर्लंडमध्ये येऊन राहायला कोणाचीही परवानगी नको, या दोन देशांत तशी जुनी रीत आहे. नाना बिनधास्त विमानात बसले आणि आले. पेटीचं तसं नव्हतं. ती आता परदेशातून येणार. मी मेधाला म्हटलं, काळजी करू नको, राहतं घर बदलणाऱ्याच्या वापरातल्या सामानाला ड्यूटी नसते. कागद मी केले. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात नाना नांदीला साथ करणार असं इथल्या मराठी मंडळाने जाहीरही करून टाकलं. पहाट म्हणायला, हॉल रविवारी दहाच्या आधी उघडत नाही.

सामानाचा ट्रक फेरीवर चढला त्या सकाळी नानांनी मला सहज फोन केला. पेटी नीट बांधली आहे ना, ऊन लागणार नाही ना, असं विचारत होते. डब्लिनमध्ये ऊन कुठून लागणार? मग म्हणाले, "वंदनाताई, पट्ट्यांना फार जपायला सांगा. हस्तिदंती आहेत. अस्सल. आणि वास घेऊन बघा कधी, आमच्या देवघराचा वास येतो. ही दर शुक्रवारी फडक्याने पट्ट्या पुसायची. म्हणायची, माझी आरती मुरलीय तुमच्या पेटीत."

बाकीचं काही मला ऐकूच आलं नाही. हस्तिदंत! ब्रिटन युनियनमध्ये होतं तेव्हा मेधा ही पेटी गाडीत टाकून घेऊन आली असती तरी कोणी हटकलं नसतं. आता हद्द ओलांडणाऱ्या हस्तिदंताला दोन्हीकडची खास परवानगी लागते, ती आधी काढावी लागते, आणि नसेल तर माल जप्त. मी नानांना सगळं समजावून सांगितलं. विचारलं, नक्की हस्तिदंतच का? हाड असेल, दुसरं काही असेल? जप्त म्हणजे काय ते नानांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "नाही. हस्तिदंतच आहे. काय व्हायचं ते होऊ दे."

आता माझी पंचाईत. मला कळलं म्हणजे साहेबाला सांगायला हवं. लपवायचं हे मला न्हावा-शेव्याच्या पहिल्या बॉसने शिकवलेलं नाही, आणि डेक्लनच्या कंपनीचं नाव मी पणाला लावणार नव्हते. मी कळवलं: पट्ट्या हस्तिदंती असण्याची शक्यता. अपेक्षेप्रमाणे लाल आलं. मेधाला सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली. काकू गेल्यापासून नाना रोज अंघोळ झाली की आधी पेटीवर बसायचे, मगच चहा. पेटी गेली तर बाबा जेवायचेसुद्धा नाहीत, ती म्हणाली. मी तिला म्हटलं, चहा कर, आणि तो मीच प्यायले.

तपासणीला नाना हट्टाने आले. काळी टोपी, लांब कोट, गळ्यात मफलर. शेडमध्ये फोर्कलिफ्टची ये-जा चाललेली आणि मधोमध ब्लँकेटं सोडून पेटी उभी केलेली. साहेब होता फिंटन. माझ्याहून तरुण, तोंडावर ठिपकेच ठिपके, आणि कामात एकदम सरळ. त्याने वाकून नानांशी हात मिळवला, सुंदर वाद्य आहे म्हणाला आणि विचारलं, "सर, पट्ट्या कशाच्या आहेत?"

मी देवाचा धावा करत होते. म्हणा ना, मला ठाऊक नाही. एवढंच म्हणा.

नाना ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "आयव्हरी. हंड्रेड पर्सेंट."

मी कपाळाला हात लावला. मेधाने भिंतीकडे तोंड केलं. फिंटनचा चेहरा उतरला, त्यालाही ते नको होतं हे दिसत होतं. त्याने भिंग काढलं आणि एकेक पट्टी बघत बसला. मग त्याने अंगठ्याने एक पट्टी जोरात घासली, नाकाजवळ नेली, पुन्हा घासली, आणि मला खुणेने बोलावलं. हा कसला वास आहे, त्याने विचारलं, त्याच्या आजीच्या लोकरीच्या कपड्यांच्या प्रेसमध्ये असा वास यायचा. मी वाकले. घासलेल्या पट्टीवर नाक ठेवलं. आणि बंदरातल्या त्या डिझेलच्या धुरात मला स्वच्छ आला, कापूर!

मी म्हटलं, हा कापूर आहे, आम्ही देवापुढे जाळतो. फिंटन हसला. हळूच म्हणाला की हस्तिदंताला कसला आलाय कापराचा वास, हे सेल्युलॉइड आहे, जुन्या काळचं प्लास्टिक. ते बनवतानाच त्यात कापूर घालायचे. भिंगातही हस्तिदंताच्या रेषा कुठेच नाहीत. या पेटीसाठी एकही हत्ती मेलेला नाही. पेटी सुटली.

मला तिथेच नाचावंसं वाटलं. आणि लगेच आठवलं. काकूंची आरती मुरलीय म्हणाले होते नाना. हस्तिदंत तर गेलंच, आता वासही जाणार. म्हाताऱ्या माणसाला हे कोणी सांगायचं? मी फिंटनला बाजूला घेतलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली. कागदावर त्याने जे खरं तेच लिहिलं, तो काही आमच्यासाठी खोटं लिहिणारा नव्हे. पण नानांसमोर येऊन एवढंच म्हणाला, "सगळं ग्रँड आहे सर. घरी घेऊन जा."

नानांनी कोट काढून मेधाकडे दिला, स्टूल ओढलं आणि तिथेच बसले. पायटे मारले, पेटीने एकदा मोठा श्वास घेतला आणि सूर लागला. बंदरातल्या शेडमध्ये नांदी! फोर्कलिफ्टवाला थांबला. फेरीवरून उतरलेला एक पोलिश ड्रायव्हर हातात चहा घेऊन उभा राहिला आणि त्याचा चहा थंड झाला. मेधा हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत तपासणीनंतर टाळ्या पडलेली ही एकच केस.

दिवाळी पहाटेला मी फिंटनला बायकोसकट बोलावलं. तो आला, दाराशी बूट काढून ठेवले, चिवडा खाल्ला, पाणी प्यायला, पुन्हा चिवडा खाल्ला. नानांनी कार्यक्रमाच्या आधी माइक हातात घेतला आणि सगळ्या हॉलला ही कथा सांगितली. साहेब कसा जाणकार, भिंगातून बघितलं, वास घेतला आणि अस्सल माल कसा ओळखला. लोकांनी वळून फिंटनकडे बघितलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल काहीतरी चांगलं चाललंय एवढं कळलं. तो लाजून लालबुंद झाला. मी मान खाली घालून समईची वात नीट करत बसले. मग नानांनी असं काही वाजवलं की सांगायची सोय नाही. आयरिश इंग्रजी बोलणारी आमची पोरंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकत होती.

हॉल रिकामा झाला. मेधा खुर्च्या लावत होती आणि मी पेटीवर ब्लँकेट घालायला गेले. नाना अजून स्टुलावरच होते. म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही आणि साहेब बाजूला जाऊन काय कुजबुजत होतात, ते मला माहीत आहे."

मी ब्लँकेट खाली ठेवलं.

ते सांगत गेले. फार वर्षांपूर्वी एक पट्टी निखळली म्हणून त्यांनी पेटी मिरजेला नेली होती. तिथल्या कारागिराने तेव्हाच सांगितलं, नाना, हे हस्तिदंत नाही, साधं सेल्युलॉइड आहे, घासलं की कापूर येतो तो त्यामुळेच. काकूंनी ही पेटी घ्यायला अंगावरच्या पाटल्या दिल्या होत्या, हस्तिदंती आहे म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायच्या. मिरजेहून घरी आले, तर काकू दारातच उभ्या. सांगायचा धीर झाला नाही. पुढे कधी झालाच नाही.

मला खरं तर राग आला. म्हटलं, अहो नाना, मग शेडमध्ये बोलायचं ना! पेटी गेली असती हातची. आम्ही सगळे मरायला टेकलो होतो.

नाना म्हणाले, "हिला जन्मभर हस्तिदंत म्हणून सांगितलं. ती पेटी समोर उभी, आणि ही नाही म्हणून मी लगेच पलटी मारू?"

नानांनी अंगठ्याने एक पट्टी घासली, चांगली जोर लावून, आणि तो अंगठा माझ्यासमोर धरला. म्हणाले, "हस्तिदंताचं ठीक आहे. साहेब म्हणतो ते खरं. पण हा वास हिच्या आरतीचाच आहे. त्यात तुमच्या साहेबाला काय कळतंय?"

आयुष्यभर मी प्रत्येक वस्तूला विचारत आले, तू मूळची कुठली. मी वाकून वास घेतला आणि म्हटलं, "हो नाना, आरतीचाच."